सगळं ठीक आहे, तरी मन लागत नाही: चाळिशी-पन्नाशीतल्या 'विनाकारण' उदासीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. नाशिकला एका शाळेत गणित शिकवते. ४७ व्या वर्षी जवळजवळ अकरा महिने मला काहीही झालेलं नसताना काहीतरी झालं होतं. बरी झाल्यावर स्टाफरूममध्ये ते लपवलं नाही. तेव्हापासून मधल्या सुट्टीत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर एसटीच्या थांब्यावर लोक मला बाजूला घेऊन तेच ते प्रश्न विचारतात. जसे विचारतात तसेच इथे उतरवले आहेत.

नोकरी आहे, घर झालं, मुलं मार्गाला लागली. मग उदास का वाटतं?

हा प्रश्न विचारताना प्रत्येक जण आधी काय काय चांगलं आहे त्याची यादी देतो, जणू गुन्हा कबूल करतोय. खाऊन-पिऊन सुखी माणसाला दुःखी व्हायचा हक्क नाही, असं आपल्याकडे धरूनच चाललेलं असतं. 'तुला काय कमी आहे?' हा प्रश्न मला कुणी विचारायच्या आधी मीच स्वतःला शंभरदा विचारला होता. उत्तर प्रत्येक वेळी 'काहीच नाही' असं यायचं आणि त्याने आणखी वाईट वाटायचं.

मन असं जमाखर्चावर चालत नाही. झोप, थायरॉइड, पाळीची उलथापालथ, घराण्यात चालत आलेला कल, वडील गेल्यावर धावपळीत रडायचं राहून गेलं ते, वीस वर्षांची दमणूक, हे सगळं मिळून मन बनतं. 'विनाकारण' म्हणजे बहुतेक वेळा कारणं पाच-सहा असतात आणि त्यातलं एकही बोट दाखवण्याएवढं मोठं नसतं.

म्हणून माझं सांगणं असतं की काही दिवस 'का' बाजूला ठेवा. रात्री दोन वाजता 'का'च्या मागे लागलं की मन गाईसारखं रवंथ करत बसतं आणि हाताला काही लागत नाही. त्याऐवजी 'केव्हा' विचारा. केव्हापासून? दिवसात केव्हा जास्त? महिन्यात केव्हा? 'केव्हा'ची उत्तरं मिळतात.

'केव्हा' शोधायचं कसं?

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आपण दूध किती आलं, सिलिंडर कधी लावला, बाई कधी आली नाही हे लिहितोच. त्याच चौकोनात रोज रात्री एक आकडा टाकायचा. फार वाईट दिवस असेल तर १, बरा गेला तर ५. शेजारी झोप किती तास झाली ते. बायकांनी पाळीची खूण करायची. बस, एवढंच. रोजनिशी लिहायला जाऊ नका. लिहिता लिहिता पुन्हा 'का' सुरू होतो.

मी सहा आठवडे आकडे टाकले. गणिताच्या बाईला आकड्यांनीच पटवलं म्हणायचं. माझे १ आणि २ तीन ठिकाणी गोळा झाले होते: पाळीच्या आधीचा आठवडा, घाम येऊन मध्यरात्री जाग आलेल्या रात्रीनंतरचा दिवस, आणि रविवारची दुपार. पहिल्या दोन गोष्टी डॉक्टरांना समजल्या. तिसरी माझी मलाच समजली. लेक पुण्याला हॉस्टेलवर गेली होती, आणि रविवारी चार वाजता चहाला तीनऐवजी दोन कप मांडताना माझ्या हातापायांतलं बळ जायचं. इतकी साधी गोष्ट मला वर्षभर दिसली नव्हती, कारण मी आयुष्यात काय चुकलं ते शोधत होते.

हे डिप्रेशन आहे की नुसती मरगळ?

आपल्या भाषेत हुरहुर आहे, खिन्नता आहे, मरगळ आहे, 'करमत नाही' आहे, 'जीव रमत नाही' आहे. या प्रत्येकाला डिप्रेशन म्हणायची गरज नाही. पावसाळ्यात दोन दिवस अंधारून आल्यावर जे वाटतं ते तिसऱ्या दिवशी जातं.

डॉक्टर दोन आठवड्यांची सीमा धरतात. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न असेल किंवा आवडीच्या गोष्टींतली गोडी गेली असेल, आणि त्यासोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, हालचाल मंदावणं किंवा उगाच तगमग, मरणाचे विचार यांपैकी काही, असे नऊपैकी निदान पाच मुद्दे जुळले आणि रोजच्या कामावर परिणाम होत असेल तर ते नैराश्य धरतात. गोडी जाणं हे लक्षण लोक सोडून देतात. मला रडू कधीच आलं नाही. फक्त कैरीचं लोणचं घालायचा मे महिना आला आणि गेला, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

'पीएचक्यू-९' नावाची नऊ प्रश्नांची यादी मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा वर गेली तर डॉक्टरांना दाखवायचंच. शेवटचा, नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर बेरीज कितीही कमी असली तरी लगेच बोला. ही यादी निदान करत नाही, दार कुठे आहे एवढं दाखवते.

आणखी एक प्रकार आहे, तो आपल्याकडे स्वभाव म्हणून खपतो. उदासी फार खोल नसते, पण दोन वर्षं आणि त्याहून जास्त सोबत राहते. 'ते पहिल्यापासून तसेच' असं ज्यांच्याबद्दल घरात म्हणतात, त्यांच्यातल्या काहींवर उपचार होऊ शकतात हे त्यांनाही माहीत नसतं.

मला उदास वगैरे वाटत नाही. अंग दुखतं, डोकं जड होतं, छातीत धडधडतं. माझा काय संबंध?

असेलही. आपल्याकडे मन पुष्कळदा शरीराच्या तोंडून बोलतं. 'मला दुःख होतंय' हे सांगायला जड जातं, 'पित्त झालंय' हे सोपं. मात्र छातीतली धडधड आणि दुखणं चाळिशीनंतर मनावर ढकलून मोकळं व्हायचं नाही. आधी हृदय तपासा. ईसीजी नीट, रक्त नीट, तरी तीन डॉक्टर आणि दोन वैद्य फिरून झाले असतील, तर चौथा मनाचा बघायला हरकत नाही.

आधी कोणत्या तपासण्या करायच्या?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण इथे काहीतरी हाती लागण्याची शक्यता असते. फॅमिली डॉक्टरांशी बोलून साधारण या गोष्टी बघितल्या जातात.

थायरॉइड, म्हणजे टीएसएच ही रक्ताची तपासणी. थायरॉइड मंदावलं की वजन वाढतं, थंडी जास्त वाजते, बद्धकोष्ठ होतो, केस गळतात आणि मन चिखलात रुतल्यासारखं होतं. बायकांमध्ये हे जास्त. हिमोग्लोबिन तर बघायचंच, कारण अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईला 'उत्साह वाटत नाही' यात नवल नाही.

बी-१२ हे आपलं खास दुखणं. ते निसर्गात जवळजवळ फक्त प्राणिज पदार्थांतच असतं, त्यामुळे शाकाहारी घरांत, विशेषतः दूध-दही बेताचं असेल तर, कमी निघतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ते उतरतं, आणि रोज उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांतही. पायांना मुंग्या, जिभेची आग, विसराळूपणा आणि उदासी एकत्र असतील तर हे आठवा. सोबत साखर आणि व्हिटॅमिन डी बघतात. डी कमी निघालं म्हणून सगळं त्याच्या माथी मारू नका. शहरात ते कमी निघणारे इतके आहेत की तेवढ्याने फार काही सिद्ध होत नाही.

रक्तात न दिसणारी एक गोष्ट म्हणजे घोरणं. रात्री श्वास अडकून झोप तुटत राहिली की माणूस आठ तास झोपूनही थकलेला उठतो, सकाळी डोकं दुखतं, दुपारी गाडी चालवताना डुलकी लागते. अशा माणसाला महिनोन्महिने 'तू पॉझिटिव्ह विचार कर' सांगत राहतात. त्याला झोपेची तपासणी लागते.

चालू असलेल्या औषधांची यादीही डॉक्टरांपुढे ठेवा. स्टेरॉइडसारखी काही औषधं मनःस्थिती बिघडवू शकतात. आपल्या मनाने मात्र काही बंद करायचं नाही.

पाळी जायची वेळ आली की असं होतंच ना? सोसायचं की उपाय करायचा?

माझ्या आईने सोसलं. तिच्या 'त्या' दोन-तीन वर्षांना आम्ही 'आईचा चिडका काळ' म्हणायचो. आता ते आठवलं की लाज वाटते.

भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास थांबते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा काही वर्षं आधी. पण गडबड थांबण्याच्या आधीच्या काळात जास्त असते. त्या काही वर्षांत इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन सरळ उतरत नाही, ते वरखाली हेलकावे खातं. म्हणून चाळिशीच्या सुरुवातीलाच पाळी पुढेमागे व्हायला लागते, अंगातून वाफा येतात, रात्री घामाने गाऊन भिजतो, आणि ज्यांना आधी बाळंतपणानंतर किंवा पाळीच्या आधी उदासी यायची त्यांना या काळात नैराश्याचा धोका वाढतो. पाळी अजून चालू आहे म्हणून हा विचारच कुणी करत नाही. मीही केला नव्हता.

उपाय आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञ हार्मोनचे उपचार देऊ शकतात. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचे आजार असा इतिहास असेल तर ते चालत नाहीत, म्हणून स्वतःचा आणि घराण्याचा इतिहास लपवू नका. नैराश्यावरची काही औषधं या वाफाही कमी करतात. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी 'या वयात चालायचंच' म्हणून मला दोन मिनिटांत बाहेर पाठवलं होतं. असं झालं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. मी गेले.

पुरुषांनाही असं काही असतं का? आमचे हे हल्ली सारखे चिडलेले असतात.

पुरुषांत पाळी थांबण्यासारखी अचानक घटना नसते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वर्षाला थोडं थोडं उतरत जातं, आणि बहुतेकांना ते कळतही नाही. जाहिरातींतल्या 'मर्दानी' चूर्णांवर पैसे घालवण्याआधी साखर, रक्तदाब, झोप आणि दारू या चौघांकडे बघा.

पुरुषाची उदासी पुष्कळदा उदासीसारखी दिसत नाही. ती ताटातल्या भाजीवरून आवाज चढवते, सिग्नलला शिव्या घालते, उशिरापर्यंत फोनवर रील बघत बसते, आठवड्यातून एकदाची बैठक चारदा करते. दारूने तासभर हलकं वाटतं, पण ती झोप तोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली नेते. 'तुम्हाला डिप्रेशन आलंय' असं नवऱ्याला सांगायला गेलात तर भांडण होईल. 'झोप होत नाही तुमची, रक्त तपासून येऊ' म्हटलं की बहुतेक पुरुष येतात. तपासायच्या खोलीत गेल्यावर बाकीचं आपोआप निघतं.

हीच ती मिडलाइफ क्रायसिस का?

मिडलाइफ क्रायसिस म्हणजे मध्यमवयातली घालमेल. हा शब्द इलियट जॅक्स या कॅनेडियन मनोविश्लेषकाच्या १९६५ च्या निबंधातून रूढ झाला. सिनेमाने त्यात लाल गाडी आणि नवं प्रेमप्रकरण घातलं. आपल्याकडे ना तेवढे पैसे, ना तेवढी सवड. आपल्या चाळिशीत एका बाजूला बारावीचं वर्ष, दुसऱ्या बाजूला गावाकडे एकट्या आईचं मोतीबिंदू, आणि मध्ये हप्ता.

ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वाल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये अनेक देशांची माहिती तपासून मांडलं की समाधानाची रेघ तरुणपणापासून उतरत चाळिशीत तळाला जाते आणि पुढे पुन्हा चढते. २०१२ मध्ये ऑस्वाल्ड यांच्यासह काही संशोधकांनी ५०० हून अधिक चिंपांझी आणि ओरांगउटान यांच्याबद्दल त्यांची देखभाल करणाऱ्यांना विचारलं, तर तिथेही मध्यमवयात तसाच खळगा दिसला. चिंपांझींना ना गृहकर्ज, ना सासू. या रेघेवर अभ्यासकांत वाद आहेत आणि सरासरीवरून एका माणसाचं काही सांगता येत नाही. पण मला त्या माकडांनी मोठा दिलासा दिला होता.

आपल्याकडच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) नैराश्याचं प्रमाण ४० ते ४९ या वयोगटात आणि महानगरांत जास्त आढळलं होतं. ते सर्वेक्षण ज्या बारा राज्यांत झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता. इथे काही वेगळं असेल असं मात्र मला वाटत नाही.

गोळ्यांची सवय लागते म्हणतात.

इथे दोन वेगवेगळ्या गोळ्यांची गल्लत होते आणि त्यापायी माणसं उपचार सोडतात, म्हणून जरा थांबून सांगते.

आपण जिला 'झोपेची गोळी' म्हणतो, अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, तिची सवय लागू शकते. ती लगेच शांत करते, आणि काही आठवड्यांत तेवढ्याने भागेनासं होतं. ती थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असते. शेजारणीच्या डबीतली अर्धी गोळी मागून घेणं हा आपल्या सोसायट्यांतला सर्रास चालणारा प्रकार आहे आणि तो वाईट आहे.

नैराश्यावरची औषधं, उदाहरणार्थ सर्ट्रालीन किंवा एस्सिटालोप्राम, वेगळी. त्यांची तल्लफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण ती एकदम बंद केली तर चक्कर, झटके बसल्यासारखं वाटणं, चिडचिड होते, म्हणून हळूहळू उतरवतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा बेचैनी होऊ शकते. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला सहा-आठ. आधी त्रास, नंतर गुण, असा हा उलटा क्रम असल्यामुळे दहाव्या दिवशी लोक गोळ्या कचऱ्यात टाकतात. मी बाराव्या दिवशी टाकल्या होत्या. नवऱ्याने त्या परत उचलून डब्यात ठेवल्या.

बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवायला सांगतात. शरीरसुखाची इच्छा कमी होणं हा एक परिणाम आहे, तो संकोच न करता सांगा. औषध बदलता येतं. आणि आयुष्यात कधी झोप न घेता अनेक दिवस भलतं उत्साही, खर्चिक वागणं झालं असेल तर ते डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा. तिथे उपचाराची दिशाच बदलते.

सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर: जायचं कुणाकडे? आणि खर्च?

मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले असतात आणि औषध देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात, औषध देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच नको. समुपदेशकांत फार चांगले आणि नुसता महिन्याचा कोर्स केलेले, दोन्ही भेटतात. सौम्य उदासीला बोलण्याचे उपचार पुरतात, जास्त असेल तर दोन्ही मिळून चांगलं चालतं. अविवेकी समजुती तपासून बदलायला शिकवणारी आल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीत फार पूर्वीच पोचली, त्यामुळे आपल्या भाषेत ती नीट समजावणारी माणसं सापडतात.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते. मुंबईत केईएम, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था. गर्दी असते, डबा घेऊन जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरणं बंधनकारक केलं आहे. नुसत्या ओपीडीच्या भेटी मात्र बऱ्याच पॉलिसींत बसत नाहीत.

घराबाहेर पडणंच होत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, फुकट, मराठीतही बोलता येतं.

चालणं, योग, नामस्मरण केलं तर भागणार नाही का?

चालण्याचा उपयोग होतो, आणि तो अभ्यासांनी दाखवलेला आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप. शक्यतो सकाळच्या उजेडात. हरिपाठाने माझ्या सासूबाईंना खरोखर धीर येतो. मला भजनी मंडळातल्या बायकांनी धीर दिला, देवाने किती दिला ते ठाऊक नाही. यातलं काहीही सोडू नका. फक्त 'तुझी श्रद्धा कमी पडली' असं सांगणाऱ्या माणसाच्या पुढे बसू नका.

पण काही करावंसंच वाटत नाही. मग चालायला जाऊ कशी?

वाटण्याची वाट बघायची नाही. ही एक उपचारपद्धतीच आहे: आधी कृती, मागून मन. 'मूड आला की करीन' या आजारात चालत नाही, कारण तो मूडच तर आजारी आहे.

कृती हास्यास्पद वाटेल इतकी लहान ठेवायची. माझी पहिली कृती 'चपला घालून फाटकापर्यंत' अशी होती. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रापर्यंत. रविवारच्या चार वाजताच्या चहाचं मी असं केलं की तो घरी करायचाच नाही. शेजारच्या काकूंकडे जायचं, नाहीतर त्यांना बोलवायचं. पहिले तीन रविवार मी तिथे नुसती बसून होते, आणि काकू गॅलरीतल्या जास्वंदीवरच्या मावा किडीबद्दल बोलत होत्या. चौथ्या रविवारी मी विचारलं, 'कडुनिंबाचं पाणी मारलंत का?' त्या दिवशी कॅलेंडरवर ३ आहे.

घरच्यांनी काय बोलावं?

कमी. 'मन रमव', 'लोकांची दुःखं बघ', 'तुला काय कमी आहे' ही वाक्यं गाळावीत. 'डॉक्टरांची वेळ मी घेऊ का?' आणि 'आज भाजी मी आणतो' ही दोन पुरतात.

कधी कधी वाटतं, संपलं तर बरं.

हे आजच कुणाला तरी सांगा. 'सकाळी जागच आली नाही तर बरं' इथपासून 'कसं करायचं ते ठरवलंय' इथपर्यंत या विचाराच्या पायऱ्या असतात आणि खालच्या पायरीवर बोलणं सोपं असतं. १४४१६ वर फोन करा. ठरवण्यापर्यंत विचार गेला असेल तर ११२, किंवा थेट जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग. घरच्यांनी अशा माणसाला एकटं सोडू नये, आणि कीटकनाशकं, गोळ्यांचा साठा घरातून हलवावा. सरळ विचारल्याने डोक्यात भलतं शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

हे पुन्हा येतं का?

येऊ शकतं. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना पुढे केव्हातरी पुन्हा येतं. म्हणून प्रत्येकाने आपली पहिली खूण ओळखून ठेवावी. ती रडण्याच्या फार आधी येते. माझी खूण म्हणजे मी वह्या तपासताना शेरे लिहायचे बंद करते, नुसत्या बरोबर-चूक खुणा करते. ही गोष्ट मला दिसत नाही, नवऱ्याला दिसते. आमचं ठरलंय की तसं दिसलं की त्याने काही बोलायचं नाही, फक्त कॅलेंडरला पेन अडकवून ठेवायचं. गेल्या नोव्हेंबरात एकदा अडकवलं होतं.